मी बांधले नव्हते

हमदुल्ला चाचांचे हात बांधायचं काम सकाळच्या पाळीत प्रज्ञाच्या वाट्याला यायचं. ते दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नसत आणि तिला येऊ देत, एवढंच त्याचं कारण.

शारजात रोल्लाच्या मागच्या अंगाला एक खासगी हॉस्पिटल आहे. त्याच्या पुरुष वॉर्डात ती स्टाफ नर्स होती. हमदुल्ला परकार मूळचे दाभोळचे. उभं आयुष्य त्यांनी रोल्लात अरबांचे कंदुरे, म्हणजे पायघोळ अंगरखे, शिवण्यात घालवलं होतं. मेंदूला झटका आला, त्यात हातपाय वाचले, पण गिळणं गेलं आणि डोकं मधूनमधून भरकटायला लागलं. नाकातून पोटात नळी घातली होती, त्यातून दूध-औषध जायचं. ती नळी चाचा उपसून काढत. दोनदा काढली, तेव्हा डॉक्टर तारेकनी हात बांधायची ऑर्डर लिहिली. बॉक्सर घालतात तसे जाड मोजे हातांत चढवायचे, मनगटाला पट्टी गुंडाळायची आणि ती पलंगाच्या दांडीला बांधायची. ऑर्डर रोजच्या रोज नवी लागते. ती रोज नव्याने निघायची.

पहिले काही दिवस चाचा भांडले. हिंदी-इंग्रजीच्या त्या वॉर्डात ते आपल्या कोकणी बोलीत बोलायचे. मल्याळी, फिलिपिनो, पाकिस्तानी नर्सना वाटायचं, म्हातारा बरळतोय. प्रज्ञा खेडजवळच्या भरणे गावची. तिला सगळं कळायचं.

"बाय, तू खेडची ना?"

"हो चाचा."

"मंग आपल्याच मानसाचं हात बांधतंस?"

"नळी ओढता ना तुम्ही. दुपारी सोडते हां."

दुपारी सोडायला सवड व्हायची नाही. वीस पेशंट आणि तिघीजणी. दुपारी इंजेक्शनं, ड्रेसिंग, कुणाची अ‍ॅडमिशन, कुणाचा डिस्चार्ज. दुसऱ्या दिवशी चाचा पुन्हा विचारायचे आणि ती पुन्हा "दुपारी" म्हणायची. त्यांची बोटं आधी चादरीची कड दुमडत बसायची, शिंप्याची सवय. मोज्यात गेल्यावर तेही थांबलं.

मग एका सकाळी ती पट्टी घेऊन जवळ गेली, तर चाचांनी आपणहून दोन्ही हात पुढे केले. प्रज्ञाला हायसं वाटलं, आज भांडण नाही. आणि आपल्याला हायसं वाटलं हे लक्षात आलं तेव्हा तिने त्यांच्या तोंडाकडे न बघता गाठ मारली.

त्यांची मुलगी सुमैय्या शाळेत शिकवायची. शाळा सुटली की भेटायच्या वेळेला धावतपळत यायची. एकदा ती प्रज्ञाला म्हणाली, "सिस्टर, मी आहे तोवर तरी सोडा ना."

प्रज्ञाने मोजे काढले. तळवे ओलसर, पांढरे पडले होते, त्यांना कोंदट वास येत होता. मनगटांवर तांबूस वळ होते. सुमैय्याने ते पाहिले. वडलांच्या कानाशी वाकून म्हणाली, "अब्बा, हात मोकळे आहेत. धरा माझा हात."

हात हलले नाहीत. दांडीशी जिथे बांधलेले होते तिथेच, तसेच पडून राहिले. चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं, ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसं. सुमैय्याने स्वतः एक हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

वेळ संपायला आली तेव्हा ती म्हणाली, "मी बसते सिस्टर. रोज शाळा सुटल्यापासून रात्रीपर्यंत बसेन. माझी नजर राहील. मग तर बांधायला नको?"

प्रज्ञा लिसी चेचीकडे गेली. लिसी वॉर्डची इन्चार्ज, कोट्टयमची, सगळ्या तिला चेची म्हणत, म्हणजे मोठी बहीण. तिने कॉम्प्युटरवरून मान वर न करता सांगितलं, "मेल वॉर्ड आहे. बाईमाणूस बसू शकत नाही. पॉलिसी. आज एकीला हो म्हटलं तर उद्या सगळ्यांच्या बायका-मुली येतील. तू मला वर बोलायला लावू नकोस."

प्रज्ञाने लावलंही नाही. परत येऊन म्हणाली, "नाही म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"वरचे."

"आणि तुम्ही काय म्हणता?" सुमैय्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. प्रज्ञा तोवर पट्टी गुंडाळायला लागली होती. सुमैय्या पर्स उचलून पडद्याबाहेर गेली, म्हणजे बांधताना बघायला नको.

पुढच्याच आठवड्यात चाचांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. प्रज्ञा पाळीवर आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. तोंडावर चादर ओढलेली होती, पण हात अजून बांधलेलेच. मेलेल्या माणसाचे हात सोडायचं त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

लिसी हलकेच म्हणाली, "फॅमिली खाली आली आहे. लवकर सोड. क्रीम लाव जरा, आणि बाह्या खाली कर."

प्रज्ञाने सोडले. क्रीम लावलं. बाह्या खाली ओढल्या. सुमैय्या आपल्या नवऱ्याबरोबर, फैजबरोबर आली. रडून झाल्यावर तिने प्रज्ञाचे दोन्ही हात हातात घेतले. "अब्बा घरच्या बोलीत बोलायचे ते फक्त तुमच्याशी," ती म्हणाली. "अल्लाह तुम्हाला सुखी ठेवो." शिवी दिली असती तर प्रज्ञाला सोसली असती.

त्या दिवसापासून तिचं जेवणावरचं मन उडालं. वॉर्डात जायच्या आधी लिफ्टजवळ उभी राहायची आणि एक लिफ्ट सोडून द्यायची. एकदा घरी तिची मुलगी मनाली शाळेच्या डान्ससाठी ओढणी कमरेला बांधून मागत होती. प्रज्ञाने बांधली. मनाली ओरडली, "मम्मा, धिस इज नॉट अ बो!" प्रज्ञाने पाहिलं तर तिने वॉर्डातली गाठ मारली होती, एका झटक्यात सुटणारी, पण बांधलेल्याच्या हाताला न लागणारी. तिने ओढणी मुलीच्या अंगावर टाकली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला.

अनिल, तिचा नवरा, बाहेरून म्हणाला, "काय झालं?"

तिने बाहेर येऊन सगळं सांगितलं. क्रीमचंही सांगितलं. अनिल वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टरने लिहिलं, इन्चार्जने सांगितलं, तू केलंस. तुझ्या एकटीचं त्यात काय आहे? प्रज्ञा, आपण तिघं तुझ्या व्हिसावर आहोत. माझं काम लागेपर्यंत तरी कुणाशी वाकड्यात जाऊ नकोस."

त्याची कंपनी बंद पडली होती. रोज दुबईच्या करामा भागातल्या कुठल्या कुठल्या ऑफिसात जाऊन तो बायोडेटा देऊन यायचा. तो म्हणत होता ते खोटं नव्हतं.

मग वॉर्डात सोमनाथ आला.

माणदेशातलं, दहिवडीकडचं पोरगं. परांचीवरून पडून डोक्याला मार लागला होता. आयसीयूतून वॉर्डात आला तो नाकात नळी, डोक्याला पट्टी आणि दोन्ही हात बांधलेले अशा अवस्थेत. शुद्ध होती, पण भान नव्हतं. अशा मारात माणूस कित्येक दिवस तसाच असतो, उठू बघतो, झटापट करतो, कुठे आहे ते त्याला कळत नाही. हात बांधले की सोमनाथ जास्तच उसळायचा. सगळा पलंग खडखडायचा. त्याच्या कंपनीचा माणूस एकदा येऊन कागदांवर सह्या घेऊन गेला. बाकी त्याचं इथे कुणी नव्हतं. शारजातल्याच सजा भागातल्या मजुरांच्या कॅम्पातला एक गाववाला होता, गणू, तो सुट्टीच्या दिवशी यायचा.

पहिल्याच सकाळी प्रज्ञा सुटलेली पट्टी पुन्हा बांधायला वाकली, तसा सोमनाथ तिच्या तोंडाकडे बघून कळवळून म्हणाला, "आये, शेरडं उन्हात बांधल्यात. सोड की. मरतील."

तिच्या हातातली पट्टी हातातच राहिली.

"कुठली शेरडं?" तिने विचारलं.

"आपली. खुट्याला हायती. सोड की गं."

प्रज्ञाने त्याचा दुसराही हात सोडला. मोजे काढले. स्टूल ओढून बसली आणि त्याचा हात आपल्या हातात धरून म्हणाली, "सोडली बघ. गेली सावलीला." सोमनाथ थोडा वेळ धापा टाकत राहिला. मग त्याचा श्वास खाली बसला. त्याने नळीकडे हात नेला तेव्हा तिने हळूच तो खाली आणला. पुन्हा नेला, पुन्हा आणला. तिसऱ्या खेपेला तिने टॉवेलाची गुंडाळी करून त्याच्या मुठीत दिली. ती त्याने घट्ट धरली आणि डोळे मिटले.

यात तिने काही शोध लावला नव्हता. असं करायचं असतं हे त्या वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं, डॉक्टरांनाही. जवळ बसायला माणूस नव्हतं, इतकंच.

डॉक्टर तारेक राउंडला आले. इजिप्तचे, मवाळ बोलणारे. त्यांनी मोकळे हात पाहिले आणि भुवई वर केली.

"डॉक्टर, मी याचे हात बांधणार नाही," प्रज्ञा म्हणाली. इंग्रजीत म्हणाली, आणि आवाज कापू नये म्हणून एकेक शब्द सुटा म्हणाली.

"ऑर्डर आहे, सिस्टर."

"ऑर्डर बदला. पलंग आमच्या टेबलाजवळ आणा. मी बघते."

"तू बघशील. तुझ्यानंतरची बघेल? नळी निघाली, दूध फुप्फुसात गेलं, तर सही माझी आहे."

"सर, बांधला की तो जास्त झगडतो. तुम्हीही पाहिलंय."

तारेकनी सोमनाथच्या मुठीतला टॉवेल पाहिला. "पाहिलंय," ते म्हणाले. "ठीक. 'गरज पडल्यास' असं लिहितो. गरज आहे की नाही ते तुम्ही ठरवा." म्हणजे जबाबदारी त्यांनी सरकवली होती, आणि वाटही थोडी मोकळी केली होती.

लिसी चिडली. "तुला काय वाटतं, मला आवडतं बांधायला? मी नवीन होते तेव्हा मीपण रडले. मग शिकले. तूही शिक."

"मी शिकले होते चेची," प्रज्ञा म्हणाली. "फार पटकन शिकले."

लिसीने पुढे वाद घातला नाही. पलंग हलवायला वॉर्डबॉय मात्र पाठवून दिला.

माहनूर नावाची पाकिस्तानी नर्स दुपारच्या पाळीला असायची. सियालकोटची, बोलायला फटकळ. तिने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी तीही सोमनाथचे हात मोकळे ठेवायला लागली. "ये लडका मेरे को अम्मी बोलता है," ती म्हणाली. "अब अम्मी क्या बांधेगी?" रात्रपाळीवाल्या मात्र बांधायच्या. सकाळी प्रज्ञा आली की पहिलं काम सोडायचं. सोमनाथ हळूहळू निवत चालला होता. एकदा त्याने तिला विचारलं, "हे कुठलं गाव?" तिने सांगितलं. त्याला पटलं नाही, पण त्याने विचारलं, हेच तिला पुष्कळ वाटलं.

आणि मग ती दुपार आली.

वॉर्डात लिसी धरून तिघीच होत्या. दुपारच्या पाळीची एक आजारी म्हणून आली नव्हती, तिच्या जागी कुणाला पाठवलं नव्हतं. त्यामुळे प्रज्ञा पाळी संपल्यावरही थांबली होती. शेवटच्या कोपऱ्यात एक वयस्क बंगाली ड्रायव्हर होता, तो अचानक निळा पडला. माहनूरने हाक मारली. लिसी औषधांची ट्रॉली घेऊन पळाली. प्रज्ञा पळाली. पळताना तिने सोमनाथकडे पाहिलं. तो झोपला होता, पलंगाचे कठडे वर होते. बांधायला वेळ नव्हता आणि तिच्या मनातही आलं नाही.

त्या म्हाताऱ्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून ती दाब देत होती. मोठ्याने मोजत होती. तेवढ्यात मागून आवाज आला. आधी कठड्याचा, मग जमिनीवर काहीतरी जड आदळल्याचा, मग सोमनाथच्या किंकाळीचा.

तिला थांबता येत नव्हतं. ती थांबली असती तर म्हातारा तिथेच गेला असता. माहनूर तोंडावर मास्क दाबून हवा देत होती, लिसी शीर शोधत होती. सोमनाथ मागे ओरडत होता, "आये, आये," आणि प्रज्ञा मोजत होती. मोजताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळून म्हाताऱ्याच्या छातीवर पडत होतं. बाकीची टीम येऊन कुणीतरी तिच्या जागी हात ठेवीपर्यंत ती मोजत राहिली.

म्हातारा वाचला नाही.

सोमनाथच्या डोक्याला नवं काही झालं नव्हतं, पण मांडीचं हाड खुब्यातून मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. चालेल, पण लंगडत चालेल, असं हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं.

चौकशी लागली. चौकशीच्या आदल्या दुपारी लिसीने प्रज्ञाला औषधांच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"ऐक. पट्टी बांधली होती, त्याने ओढून सोडवली. असं म्हण. सुटतात पट्ट्या, सगळ्यांना माहीत आहे. मी नाही म्हणणार नाही, माहनूर काही बोलणार नाही. खलास. तुझी मुलगी शाळेत आहे इथे. डोकं शांत ठेव."

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलाल?"

"बोलेन," लिसी म्हणाली. तिचा चेहरा थकलेला होता. "आजवर बोललेच आहे, कधी कुणासाठी, कधी कुणासाठी."

प्रज्ञा बाहेर आली तर गणू सोमनाथच्या पलंगाशी उभा होता. फोरमनच्या हातापाया पडून अर्धा दिवस मागून आला होता. पायात साइटचे बूट, त्यांच्यावर सिमेंट वाळलेलं. सोमनाथ ऑपरेशनच्या गुंगीत होता.

"ताई, ह्यो पडला कसा?" गणूने विचारलं.

लिसीने दिलेलं वाक्य प्रज्ञाच्या जिभेवर तयार होतं. "मी हात बांधले नव्हते त्याचे," ती म्हणाली. "दुसऱ्या पेशंटकडे गेले. तो उठला आणि पडला."

गणूने सोमनाथच्या पट्टी बांधलेल्या मांडीकडे पाहिलं. "म्हंजी बांधलं असतं तर पडला नसता."

"नसता पडला."

"मग बांधलं का न्हाई?"

"तो ओरडायचा, भाऊ. सोडा म्हणायचा. बांधून ठेवला असता तर ओरडत राहिला असता. मग एक दिवस ओरडायचा थांबला असता. मी आधी एका माणसाचं तसं केलंय."

गणूने डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगळली. "मला ह्यातलं काय कळत न्हाई ताई. त्याच्या आयला काय सांगू? ठकुबाई रोज फोन करतीया."

"मी सांगते," प्रज्ञा म्हणाली. तिला वाटलं होतं तो नको म्हणेल. त्याने तिथल्या तिथे फोन लावला.

फोनच्या पडद्यावर एक उन्हाने रापलेली बाई दिसली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. प्रज्ञाने आपलं नाव सांगितलं आणि घडलं ते घडलं तसं सांगितलं. ठकुबाईने मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाली, "तू कशाला सोडलंस गं? बांधलेला तर बांधलेला, धड तर राहिला असता. आता लंगडं पोर घिऊन मी काय करू?"

प्रज्ञाने फोन दुसऱ्या हातात घेतला. "चुकलं का तुमच्या मते, मावशी?" ती कशीबशी म्हणाली.

"माझ्या मताला काय करतीस," ठकुबाई म्हणाली आणि तिने फोन बंद केला.

गणू ओशाळला. "आय हाय, बोलणारच," तो म्हणाला. प्रज्ञा मानेने हो म्हणाली आणि सोमनाथची सलाइन बघायला वळली.

संध्याकाळी तिने अनिलला सांगितलं, की उद्या आपण खरं बोलणार. अनिल खिडकीपाशी उभा राहून खालच्या पार्किंगकडे बघत राहिला. "ती बाई तर तुलाच दोष देते आहे," तो म्हणाला. "मग कुणासाठी बोलणार तू?"

"तिला दोष द्यायचा हक्क आहे. पण पट्टी सुटली म्हटलं, तर उद्या पट्ट्या आणखी घट्ट बांधतील. बाकी काही होणार नाही."

अनिलने खिडकी लावून घेतली. रागावला होता की घाबरला होता, तिला कळलं नाही. कदाचित दोन्ही.

चौकशीच्या खोलीत नर्सिंगच्या मुख्य रीमा मॅडम होत्या, लेबनॉनच्या, नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या. क्वालिटी विभागाचा एक तरुण अधिकारी लॅपटॉप उघडून बसला होता. डॉक्टर तारेक होते, लिसी होती, माहनूर होती.

"रुग्णाने पट्टी सोडवली, असं प्राथमिक रिपोर्टमध्ये आहे," तो अधिकारी म्हणाला. "बरोबर?"

रिपोर्ट लिसीने भरला होता. प्रज्ञाने तिच्याकडे पाहिलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "मी बांधले नव्हते."

रीमा मॅडमनी चष्मा काढला. "विसरलीस?"

"नाही मॅडम. ठरवून. त्याच्याजवळ माणूस असलं की बांधावं लागत नाही. त्या दिवशी माणूस नव्हतं. तो पडला, आणि ते माझ्या हातून झालं, ते मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. पण मी बांधले असते तर तुम्ही मला इथे बोलावलं नसतंत. ज्यांना बांधलं होतं त्यांच्यासाठी आम्हाला कधीच कुणी बोलावलं नाही. त्यांच्या मनगटाला वळ उठले, अंगाला जखमा झाल्या. एक म्हातारा बांधलेल्या हातांनी मेला. मी त्याचे वळ झाकले. त्याची चौकशी कोण करणार?"

इतकं सलग ती त्या हॉस्पिटलात कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिने हात मांडीखाली दाबून धरले.

"हे फक्त तूच करत होतीस?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी माझ्यापुरतं सांगते."

"मीपण," माहनूर म्हणाली. उर्दूत म्हणाली, मग इंग्रजीत पुन्हा म्हणाली. "माझ्या पाळीत मीपण सोडायचे. लिहून घ्या."

डॉक्टर तारेकनी घसा खाकरला. ऑर्डर आपण ढिली केली होती, एवढं ते म्हणाले. त्यापुढे ते गेले नाहीत.

रीमा मॅडमनी लिसीकडे पाहिलं. "इन्चार्ज?"

लिसीने टेबलावरची पाण्याची बाटली बाजूला सारली. प्रज्ञाला वाटलं, आता ती आपला रिपोर्ट धरून बसेल. तिचंही घर होतं, कोट्टयमला शिकणारी मुलं होती.

"रिपोर्ट मी चुकीचा भरला," लिसी म्हणाली. "त्या दुपारी आम्ही तिघी होतो, मॅडम. एक मरत होता, तिघी त्याच्याजवळ. मी सकाळीच फोन करून माणूस मागितलं होतं. उत्तर आलं, सांभाळून घ्या." तिने मान वर केली. "मी फार वर्षं सांभाळून घेते आहे. सांभाळून घेणं म्हणजे बांधणं. तुम्हालाही माहीत आहे."

अधिकाऱ्याची बोटं लॅपटॉपवर थांबली होती. रीमा मॅडम म्हणाल्या, "हे लिहा." त्याने लिहिलं.

निकाल यायला वेळ लागला. प्रज्ञाला लेखी ताकीद मिळाली आणि वॉर्डातून काढून खाली ओपीडीत इंजेक्शनच्या खोलीत टाकण्यात आलं. लिसीची इन्चार्जची जागा गेली. तिच्या जागी दुसरी आली, लिसी तिच्या हाताखाली साधी नर्स म्हणून राहिली. माहनूरला काही झालं नाही. "मी इतकी बोलते की माझं बोलणं कुणी मनावर घेत नाही," असं ती म्हणाली, पण ते हसण्यावारी नेताना तिचे डोळे भरले होते. पुरुष वॉर्डात दिवसा एक जास्तीची मदतनीस द्यायचं ठरलं, आणि घरच्या माणसाला, बाई असली तरी, पडद्याआड पलंगाशी बसू द्यायचं ठरलं. फक्त दिवसा. रात्रीसाठी बजेट नाही, पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला, असं सांगण्यात आलं.

सोमनाथला कंपनीने गावी पाठवलं. त्या दिवशी प्रज्ञा खालून वर गेली. त्याला व्हीलचेअरवर बसवलं होतं. अंगात कुणाचा तरी ढगळ शर्ट, मांडीवर कॅम्पातल्यांनी बांधून दिलेली पिशवी. भान पुष्कळ आलं होतं. गणू त्याला म्हणाला, "ह्या त्या ताई बघ." सोमनाथने तिच्याकडे अनोळखी, सभ्य नजरेने पाहिलं आणि हात जोडले. त्याला काही आठवत नव्हतं. ना शेरडं, ना टॉवेल, ना ती. प्रज्ञानेही हात जोडले. व्हीलचेअर लिफ्टमध्ये गेली.

ओपीडीतलं काम सोपं होतं. लोक यायचे, बाही वर करायचे, सुई टोचून घ्यायचे आणि जायचे. कुणी तिला सोडा म्हणत नव्हतं. अनिलला दुबईत ड्रॅगन मार्टच्या एका गोदामात काम मिळालं. घर जरा सावरलं. आता सगळं विसरायला हरकत नव्हती.

कॅन्टीनमध्ये माहनूर भेटायची तेव्हा वरची खबर द्यायची. दिवसा बरं आहे, म्हणायची. एका वयस्क पेशंटची बायको दिवसभर बसते, त्याला गोष्टी सांगते. संध्याकाळी तिला घरी पाठवतात आणि मग त्याला बांधतात. सकाळी ती येते तेव्हा तो तिच्याशी बोलत नाही.

प्रज्ञाने पुढ्यातला चहा प्यायला. मग उठून रीमा मॅडमच्या ऑफिसात गेली आणि पुरुष वॉर्डात परत पाठवा, कायमची रात्रपाळी द्या, असं सांगितलं. रात्रपाळी कुणालाच नको असते. मॅडमनी तिची फाइल उघडली. "तुझ्या फाइलमध्ये ताकीद आहे," त्या म्हणाल्या. "आणखी एकदा काही झालं तर मी तुला वाचवू शकणार नाही."

"माहीत आहे, मॅडम."

"रात्री मी तुला जास्तीचं माणूस देऊ शकत नाही."

"तेही माहीत आहे. मी दर महिन्याला मागायला येईन."

मॅडमनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "ये. रात्रपाळी दिली."

घरी अनिलने ऐकलं तेव्हा तो जेवत होता. त्याने घास ताटात ठेवला. "आणि पुन्हा कुणी पडलं तर?"

"पडू शकतं," प्रज्ञा म्हणाली.

"मग काय करशील?"

"उचलेन. आणि सांगेन."

मनाली टीव्हीसमोरून मान वळवून म्हणाली, "मम्मा, आर यू गोइंग टु वर्क ॲट नाइट नाउ?" प्रज्ञा हो म्हणाली. तिला जवळ बोलावून रात्री आपण गेल्यावर दाराची आतली कडी कशी लावायची ते दाखवलं, आणि कपाटातून धुतलेला गणवेश काढून इस्त्री करायला बसली.